खवले मांजर आणि माझी सही

मित्रहो, आज सकाळी वडिवळ्याजवळच्या एका टेकडीवर मला स्वतःची लाज वाटली. तिचे कारण सांगणे मी कर्तव्य मानतो.

तिथे दगडखाण प्रस्तावित आहे. वन्यजीव पाहणीच्या अहवालात "खवले मांजर आढळले नाही, सबब अधिवास नाही" हे वाक्य माझे, आणि त्याखालची सहीही माझीच.

अहवाल दिल्यानंतरच्या आजच्या शेवटच्या फेरीत गुरे राखणाऱ्या मावशींनी विचारले, "आबा, मांजर हुडकायला कवा आलता?"

"तीन दिवस. दहा ते चार."

त्या हसल्या. "ते रातचं भाईर पडतं. दिवसा निजलेला मानूस ओ देत न्हाई, म्हनून त्याचं घर पाडता व्हय?" मग त्यांनी वारुळाशेजारी, मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या त्या प्राण्याने ताजे उकरलेले बीळ दाखवले.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. आयुष्यभर मी प्राणिशास्त्रच शिकवले. परंतु खाण कंपनीची गाडी दहाला येई व चारला परते. गाडीची वेळ तीच मी प्राण्याची वेळ मानली.

सही मागे घेतल्याचे पत्र दुपारी दिले. ही टेकडी अजून उभी आहे, म्हणून ते शक्य झाले. याआधी ज्या टेकड्यांसाठी सह्या केल्या, त्यांतल्या काही आता उरलेल्याच नाहीत. त्या सह्या मी कुठे जाऊन मागे घेऊ?