जर्मन रेडिओ आणि काकूंच्या माहेरचा रेडिओ

बंगळुरूच्या राजाजीनगरात मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, ते काका-काकू व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटमध्ये जायला निघाले, तेव्हा मुलाने एकच अट घातली. दोन रेडिओ येणार नाहीत, एकच येईल.

रेडिओ दोन्ही जुने, ट्रान्झिस्टरच्या आधीचे, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे. एक काकांचा, जर्मन. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात असताना मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी तो घेतला होता. दुसरा काकूंच्या माहेरचा, भारतातच बनलेला. जो रेडिओ हरेल तो काकांच्या बसवनगुडीतल्या एका मित्राकडे जायचा होता. त्याला असल्या रेडिओंचा नाद. निवाडा करायला मला बोलावलं, कारण मी इलेक्ट्रॉनिक्स शिकते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. 'तुला कळत असेल' असं कुणी म्हटलं की मला घाम फुटतो. मी खरं ते सांगून टाकलं, "काका, व्हॉल्व्ह मी फक्त पुस्तकात पाहिलाय."

"उत्तम. तपासणारा कोरा असलेला बरा."

"कोरी आहे तोवर निकाल घेऊया," काकू म्हणाल्या. त्या इथल्याच, तीन पिढ्यांपासून बंगळुरूच्या; काका मूळचे पुण्याचे. "स्वल्प वेळ मिळाला तर हे तिला शिकवून तयार करतील."

आम्ही दोन्ही रेडिओंच्या पाठी उघडल्या. जर्मन रेडिओच्या आतली एकेक तार अशी वळवलेली, की कुणीतरी फूटपट्टी घेऊन बसलं असावं. बटणं दाबली तर कुठे खडखड नाही. समोर मोठा स्पीकर, दोन्ही बाजूंना लहान. आणि काकांचा खरा अभिमान म्हणजे आतच बसवलेली, खुंटीने फिरणारी अँटेना. बाहेर तार लावायची गरजच नाही. पण तळाशी कोपऱ्यात एक फुगलेला कपॅसिटर होता. तो बदलायचा तर अर्धा रेडिओ सोडवावा लागणार, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं.

माहेरच्या रेडिओचा पत्रा पातळ होता, पाठीला पुठ्ठा. तारा जमतील तशा नेलेल्या. पण आत हात सहज जाईल एवढी जागा, आणि तळाचे स्क्रू काढले की सगळं एकदम बाहेर. ट्रान्सफॉर्मर दमट हवेसाठी मेणात बुडवून काढलेला.

"बोल," काका म्हणाले.

मी चाचरत म्हटलं, "जर्मन रेडिओ बनवणाऱ्याला वाटत होतं, हा कधी बिघडणार नाही. आपला बनवणाऱ्याला खात्री होती, की हा बिघडणारच."

"म्हणजे आमच्या लोकांना संसार कळतो," काकू म्हणाल्या.

"पण बनावट कुणाची चांगली?" काकांनी विचारलं.

"जर्मन."

काका खूश झाले. तिथेच थांबले असते तर जिंकले होते. पण तपासणी विभागात जन्म गेलेला माणूस. माल जिथे वापरायचा तिथे चालवून पाहिल्याशिवाय ते पास करत नसत. "शेवटची टेस्ट व्हाइटफील्डला. माझा रेडिओ आतल्या अँटेनावर वाजेल. तुझ्या माहेरच्याला तारेशिवाय उभं राहता येत नाही, त्याला तार लावू दे. एकदा अटी ठरल्या की मधे बदलायच्या नाहीत."

"सरी, चालेल," काकू म्हणाल्या.

फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. काकूंनी माहेरच्या रेडिओची तार बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीबरोबर बांधली. पहिला मान जर्मनला. व्हॉल्व्ह तापले, आणि आतून गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर आली. आतली अँटेना दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट पकडत असणार, म्हणून मी घरातले दिवे बंद केले, इंटरनेटचा डबा बंद केला. घरघर थोडी कमी झाली, पण वरचे, खालचे, शेजारचे दिवे आणि चार्जर माझ्या हातात नव्हते. काकांनी खुंटी फिरवून पाहिली. ज्या दिशेला वळवावी तिकडे कुणीतरी राहतच होतं.

"फार हुशार आहे तुमचा," काकू म्हणाल्या. "सगळ्या बिल्डिंगचं ऐकतोय."

मग माहेरचा लावला. त्याची तार बाहेर, या गोंगाटापासून लांब. जरा नाकातल्या आवाजात, पण स्पष्ट, कन्नड बातम्या लागल्या.

मला राहवेना. "काका, जर्मनलाही बाहेरची तार जोडता येते. मागे जागा दिलीय. जोडली तर तो याच्यापेक्षा सुरेख वाजेल."

"लावा ना," काकूही म्हणाल्या, आणि या वेळी त्या चिडवत नव्हत्या.

काकांनी मान हलवली. "अटी मी घातल्या होत्या. निकाल सांग."

मी काकूंकडे पाहिलं, त्या जमिनीकडे पाहत होत्या. "माहेरचा पास," मी म्हटलं.

काकांनी जर्मन रेडिओची पाठ स्वतः बंद केली. मित्राकडे पाठवायला टॅक्सी बोलावली होती, पण तो एकटा जाणार नाही म्हणाले. खाली आल्यावर डिकीत ठेवू दिला नाही. मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला, शेजारी स्वतः बसले आणि ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितलं.

टॅक्सी गेटबाहेर जाईपर्यंत काकू बघत राहिल्या. "लग्नानंतर मला पुण्याला नेलं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा रेल्वेत मी एकटी खिडकीशी, आणि हे दुसऱ्या डब्यात मित्रांबरोबर."