मागच्या बाजूची दारे

वामनभाऊंची ओळख कशी झाली हे सांगायचे तर संडासापासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात हा शब्द लिहिताना मला लाज वाटते. पण तो वगळला तर माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

बोळिंजच्या आमच्या चाळीचे बांधकाम भाऊंकडे होते. आम्ही बायका तेव्हा पहाटे गवतात जात असू. आमचे हे माझ्यासोबत येत आणि पाठ करून उभे राहत. ते वारल्यावर सोबत कोण येणार? मी पाणी पिणेच कमी केले. जळजळ सुरू झाली, ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या." का पीत नाही, हे त्यांनाही सांगवले नाही.

मग भाऊंनी चाळीसाठी पक्के संडास बांधले. दारे रस्त्याकडे, समोर पानाची गादी आणि तिथे दिवसभर टवाळ पोरे. एकही बाई तिकडे फिरकली नाही. भाऊ दुखावले. "एवढं चांगलं बांधलं, मग अडतं कुठे?" आम्ही सगळ्या माना खाली घालून उभ्या. शेवटी शेजारच्या भिमाआजी म्हणाल्या, "वामना, टमरेलात पानी घे नि जा त्या पोरांच्या समोरून. मंग समजंल."

भाऊ हसले. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच टमरेल घेऊन निघाले. गादीवरून आवाज आला, "काय शेठ, स्वारी कुठे?" दुसरा म्हणाला, "वाट सोडा रे, घाई दिसतेय!" भाऊ अर्ध्यातून वळले आणि पाणी वाटेतल्या पपईच्या बुंध्याशी ओतले, जणू त्यासाठीच आले होते. खिडकीत मी हसले. आमचे हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि त्याचीही लाज वाटली.

लगेच त्यांनी रस्त्याकडची दारे बुजवली, मागे वाडीच्या बाजूला नवी काढली आणि आतच पाण्याची टाकी बांधली. हातात काही घेऊन जायला नको. मला एक शब्द बोलावा लागला नाही. त्या संध्याकाळी मी तांब्याभर पाणी प्यायले.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायला मी पुढे आपली आपण शिकले. 'सहानुभूती' हा शब्द पुस्तकांत पुष्कळदा भेटतो. मला तो डोळे पुसण्यापुरता वाटे. भाऊ मात्र तेव्हापासून कोणतेही घर बांधण्याआधी चूल कुठे हवी, मोरी कुठे हवी, हे बायकांना विचारतात. त्या लाजून गप्प राहिल्या, तर त्यांच्या हातात काय असते आणि त्या कुठून कुठे जातात, ते बघत बसतात.

भाऊंनी शंभरी गाठावी, गुडघे शाबूत राहावेत. आणि वयाने कधी अडचण आलीच, तर ती त्यांना तोंडाने सांगावी लागू नये, एवढे शहाणपण आम्हा सर्वांना येवो.