कॉलरीतली दोन टिंबं

लाँड्रीवालीच्या डोक्यात साडेतीनशे गिऱ्हाइकं होती, पण त्यांतल्या निम्म्यांचे चेहरे तिला आठवत नसत. तिला कॉलरी आठवत. कोणाची कॉलर उजवीकडे आधी विरते, कोण विचार करताना मान घासतो, कोणाच्या घरात भांडण झालं की शर्टाचं वरचं बटण तुटून येतं, हे सगळं तिला पाठ होतं. प्रत्येक कॉलरीच्या आत पक्क्या काळ्या शाईने काढलेली एक खूण असे. एक आडवी रेघ आणि तिच्या वर, खाली किंवा कडेला टिंबं. ही पद्धत तिच्या वडिलांची, अण्णांची. कोणती खूण कोणाची, ते अण्णांनी एका पत्र्याच्या डब्यात कार्डांवर लिहून ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले आणि गल्ल्यामागची उंच खुर्ची तिच्याकडे आली. तोवर ती आत भट्टीपाशी असे. आता ती अडतीस वर्षांची होती. लग्नाचं वय टळून गेलं म्हणून नातेवाईक हळहळत, तेव्हा ती म्हणे, टळलं कुठे, दारापर्यंत आलं होतं, मी इस्त्रीत होते म्हणून पुढच्या घरी गेलं.

एका मंगळवारी दुपारी दवाखान्यातली नर्स कागदी पिशवीत एक शर्ट घेऊन आली. बसस्टँडच्या जिन्याखाली एक माणूस सापडला होता. डोक्याला मार, खिशात काही नाही, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. कॉलरीत खूण दिसली म्हणून नर्स गावातल्या लाँड्र्या पालथ्या घालत इथवर पोचली होती.

लाँड्रीवालीने कॉलरीच्या आत बघितलं. रेघ, आणि रेघेच्या वर दोन टिंबं. तिने डब्यातलं कार्ड काढून बघितलं आणि सांगून टाकलं, हे मागच्या गल्लीतले रेडिओवाले.

रेडिओवाले तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानाला कुलूप लावून जे गेले ते परत आले नव्हते. एकटा जीव, कोणात मिसळणं नाही. लाँड्रीवालीने त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यांच्या घरमालकीणबाईंना दवाखान्यात नेलं. त्या खाटेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, तेच आहेत, फार वाळले हो. घरमालकीणबाईंना पटल्यावर शेजारच्या सायकलवाल्यालाही ओळख पटली, आणि सायकलवाल्याला पटल्यावर पोस्टमनला.

अशा रीतीने त्या माणसाला एक खोली, एक दुकान आणि चाळीस वर्षांचं आयुष्य मिळालं.

न्यायला कोणी न आल्यामुळे रेडिओवाल्यांचे दोन शर्ट लाँड्रीत पडून होते. चिठ्ठी लावलेलं ते पुडकं तिने स्वतः नेऊन दिलं. त्याने तिथेच एक शर्ट चढवून पाहिला. अंगावर शिवल्यासारखा बसला. तिला बरं वाटलं, आणि पायऱ्या उतरताना उगाच एक शिरशिरीही येऊन गेली.

पोस्टमन एकदा सहज बोलून गेला, तुम्ही पूर्वी लंगडत होता, पाय बरा झाला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून तो लंगडू लागला. कोणत्या पायाने, यावर गल्लीत एकमत नव्हतं. घरमालकीणबाई डावा म्हणत, सायकलवाला उजवा. त्यामुळे घरातून निघताना तो डाव्या पायाने लंगडे आणि सायकलच्या दुकानापाशी पोचेपर्यंत उजव्या. पोरंटोरं हसत. लाँड्रीवालीलाही आधी हसू यायचं.

दुकानात रेडिओवाल्यांच्या वह्या होत्या. त्या वाचून वाचून तो रेडिओ उघडायला शिकला आणि महिन्याभरात दुरुस्तही करू लागला. वहीत पुढे तो लिही, आणि जुनं अक्षर कुठे संपलं, नवं कुठे सुरू झालं, ते शोधून सापडत नसे.

लाँड्रीत तो दिवसाआड येऊ लागला. शर्ट तीनच, म्हणून तेच फिरून फिरून येत. धाकटी बहीण मदतीला यायची, ती एकदा हळूच म्हणाली, "ताई, हा शर्ट मळलेला नाही. घडीसुद्धा मोडलेली नाही. हा मनुष्य शर्ट धुवायला आणतोय की शर्टाला तुझी भेट घडवायला?"

ताईने तिला गप्प बसवलं, पण तोंड भट्टीकडे वळवून.

तो गोडच होता. ती बोलली की ऐकत राही. तिने एकदा म्हटलं की, माणसाने फार बडबड करू नये, तर तो मोजकं बोलू लागला. चहात आलं असावं म्हटलं, तर त्यालाही आल्याशिवाय चहा नकोसा झाला. अण्णा काम करताना शीळ घालत, असं तिच्या बोलण्यात आलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या बंद दुकानातून तशीच शीळ ऐकू आली, शेवटचा सूर किंचित पडलेला, अगदी तसाच. हा सूर असा पडायचा, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. निदान सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

सहाव्या महिन्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं, शर्टाच्या कॉलरीकडे बघत. तिनेही कॉलरीकडे बघतच हो म्हटलं. पुढच्या सोमवारी नोंदणी कार्यालयात जायचं ठरलं.

त्या आधीच्या बुधवारी कामाचा ढीग पडला होता, म्हणून नवीन गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खुणा घालायला धाकटी बसली. धाकटी डावखुरी. ती कॉलर आपल्या बाजूला वळवून धरी आणि खूण उलटी उमटे. ताई वैतागली. म्हणाली, तीन शर्टांचं वाटोळं केलंस, वरची टिंबं खाली आली.

धाकटी म्हणाली, "त्यात काय एवढं? अण्णाही डावखुरेच होते. त्यांची खूण उलटी धरून वाचायची, हे तूच मला शिकवलंस."

ताईच्या हातातली इस्त्री जागच्या जागी राहिली. कापड करपल्याचा वास आल्यावर धाकटीनेच ती उचलली.

रेडिओवाल्यांचे कपडे अण्णांच्या वेळचे. त्यांच्यावर खूण अण्णांच्या हातची. दवाखान्यातून आलेल्या शर्टावरचीही अण्णांच्याच हातची, जुनी, विटलेली. अण्णांचा कपडा फिरवून वाचायचा, हे तिच्या बोटांना इतकं सवयीचं होतं की दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. फक्त त्या मंगळवारी झाली, खूण तिने सरळ धरूनच वाचली होती. सोमवारसाठी म्हणून तो बनियनवर राहून तिन्ही शर्ट टाकून गेला होता, ते मांडणीवर होते. तिने ते शेजारी शेजारी ठेवले. पुडक्यातल्या दोन शर्टांवर टिंबं रेघेच्या खाली. तो सापडला तेव्हा अंगात असलेल्या शर्टावर रेघेच्या वर. सहा महिने ती हे तीन शर्ट दिवसाआड धूत होती, कॉलरी घासत होती. तिला दिसलं नव्हतं असं कसं म्हणावं?

तो शर्ट फिरवून वाचला की वरची टिंबं खाली येत होती, आणि खाली दोन टिंबांचं कार्ड चित्रकलेच्या मास्तरांचं निघालं. शाळेतून निवृत्त होऊन ते गावाच्या कडेला राहायला गेले होते. तीन दिवस तिने ते कार्ड पोलक्यात बाळगलं आणि कोणाला काही बोलली नाही. हा जर मास्तरांच्या घरातला कोणी असेल, तर कोणीतरी त्याची वाट बघत असणार. आणि सोमवार जवळ येत होता.

शनिवारी ती तो शर्ट घेऊन गेली. दार मास्तरांनीच उघडलं. शर्ट बघताच त्यांनी ओळखला. मागच्या थंडीत एक माणूस भिजून काकडत दाराशी आला होता, त्याला त्यांनी तो दिला होता.

"नाव विचारलं, तर म्हणाला, तुम्हीच एखादं ठेवा," मास्तर म्हणाले. "मी आपला वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. ओ दिली त्याने. दोन दिवस राहिला. चांगला होता हो, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या भावासारखा हसला. मी कंदील वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात जोडून म्हटलं, बाबा, तू आता जा."

येताना ती सबंध वाट चालत आली. म्हणजे जिन्यावरून पडण्याच्या आधीही तो कोणीच नव्हता. मास्तरांना भाऊ हवा होता, तो भाऊ झाला. गल्लीला रेडिओवाले हवे होते, तो रेडिओवाला झाला. आणि तिला काय हवं होतं, ते तिला चांगलंच माहीत होतं. आल्याचा चहा, मोजकं बोलणं, शीळ. सोमवारी ती नेमकं लग्न कोणाशी करणार होती?

तो दुकानात एक रेडिओ उघडून बसला होता. तिने समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. उलटी खूण, मास्तर, कंदील. तो ऐकत राहिला, नेहमीसारखाच, आणि आज तिला त्या ऐकण्याचीच भीती वाटली.

सगळं ऐकून त्याने पायातले बूट काढले. रेडिओवाल्यांचे बूट होते ते, खोलीत सापडलेले. "मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "दोन नंबर लहान आहेत. लंगडण्याची फारशी नक्कल करावी लागली नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी अमुक आहेस म्हटलं की मला सोपं जातं. आत काही नसतंच, त्यामुळे जे येतं त्याला जागा मिळते." बूट बाजूला सारून तो म्हणाला, "तुमच्या बाबतीत तसं नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण तेही तुम्हाला आवडेल म्हणूनच म्हणत असेन."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी रेडिओवाल्यांशी लग्न करणार नाही. आणि माझ्या मनासारखा जो झालाय, त्याच्याशी तर नाहीच. सोमवारी मी तिथे असेन. फॉर्मवर पहिली रिकामी जागा नावाची असते. तिच्यात भरायला स्वतःचं काही असलं तर या. नसलं तर येऊ नका, मी वाईट वाटून घेणार नाही."

वाईट वाटून घेणार नाही हे खोटं होतं, आणि घरी येऊन तिने धाकटीला तसं सांगितलंही. धाकटीने पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

सोमवारी कार्यालयातल्या बाकावर ती अकरापासून बसली होती. साडेबाराला तो आला. पायात साध्या चपला. लंगडत नव्हता, आणि चाल इतकी वेगळी होती की तो समोर येईपर्यंत तिने ओळखलं नाही. दाढी दोन दिवसांची. डोळे तांबारलेले. तिच्याकडे न बघता तो कारकुनासमोरच्या खुर्चीत बसला.

कारकुनाने नाव विचारलं. कारकुनाने मान वर न करता पुन्हा विचारलं. मग त्याने एक नाव सांगितलं, तिने कधीही न ऐकलेलं. पाठोपाठ वडिलांचं नाव, आडनाव, गाव. आवाज थोडा चढा होता, बोलणं भरभर. सहा महिने ज्याचे शर्ट धुतले, त्याच्या तोंडून हे कोण बोलत होतं?

पूर्वी विवाह झाला आहे का, असं कारकुनाने विचारलं.

"ठरला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी मी घरातून निघालो आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो. का, ते काल रात्रभर आठवत होतो. मला कोणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी ठरवलं आणि मी हो म्हटलं. तेव्हाही मी असाच होतो."

कारकून म्हणाला, एवढं या रकान्यात मावणार नाही, झाला की नाही तेवढंच सांगा.

"नाही."

कारकुनाने तसं लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी त्याच्याकडे सरकवला. त्याने तो वाचला. मग कारकुनाकडे परत सरकवला.

"माझ्या नावात दुसरी वेलांटी दीर्घ आहे. तुम्ही ऱ्हस्व काढली."

कारकून म्हणाला, चालतं हो, काही फरक पडत नाही.

"मला पडतो," तो म्हणाला. "दुसरा फॉर्म द्या."

कारकून कुरकुरला, कोरे फॉर्म संपत आलेत म्हणाला, दुपारनंतर या म्हणाला. पण तो हलला नाही. इतक्या महिन्यांत तिने त्याला कोणाचंही म्हणणं खोडून काढताना पाहिलं नव्हतं, तिचंही नाही. आणि आता तो एका वेलांटीसाठी सरकारी माणसाशी वाद घालत होता, हट्टाने, जरा उद्धटपणेच. हा हट्टी दिसतो, तिच्या मनात आलं. उद्या माझ्याशीही असाच भांडेल. कदाचित याला आल्याचा चहा मुळीच आवडत नसेल.

तिला त्याची थोडी भीती वाटत होती, अनोळखी माणसाची वाटते तशी. कारकुनाने चरफडत कपाटातून कोरा फॉर्म काढला, तेव्हा ती बाकावरून उठली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.