तिसरं ‘ब्लाइब’

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. त्यात मेहकरच्या मास्तरांनी माझ्या वहीवर लाल शाईची भली मोठी फुली मारली, मग काय विचारता! मास्तर निवृत्त झालेले. तरुणपणी जर्मन शिकले होते. बीबी गावाहून एस.टी.नं येणारी मी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकायला शिष्यवृत्ती मिळत होती. तोंडी परीक्षेत एका कवितेचं वृत्त, यमक आणि पुनरुक्ती उलगडून सांगायची. जमलं तर पुणे, नाहीतर मामानं आणलेलं स्थळ.

मी आपली शाळेत शिकवलं तशी जर्मन ओळींवर लघु-गुरूची चिन्हं मांडली होती. दीर्घ स्वर दिसला की गुरू!

“अगं, हे काय भुजंगप्रयात आहे?” मास्तर म्हणाले. “इथं लघु-गुरू मोजायचे नाहीत. जोर कुठं पडतो ते ऐक.”

“आपल्याकडं जोर फक्त भांडताना पडतो,” मी म्हणाले. मास्तर हसले, पण फुली काही खोडली नाही.

घरी आले ती फणफणतच. आई अंगणात तूर पाखडत होती. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे माझा राग निघायचा तोही तिच्यावरच. ओट्यावर बसून मी चिडून ओळ घोकू लागले, “डेअर वेक इस्ट वाइट, डास बोट इस्ट क्लाइन.” म्हणजे वाट लांब, नाव लहान. घोकता घोकता एकदम कान टवकारले. सूप वर जाताना नुसतं सर्र, खाली आलं की थप. सर्र-थप, सर्र-थप. हलकं-जड, हलकं-जड, ओळीला बरोबर चार थापा!

“आई, थांबू नको! पाखड!”

“पाखडूनच राह्यली ना माय. बोंबलते काऊन?”

कवितेत एक बाई नदीकाठी उभी आहे आणि नावेतून निघालेल्या लेकीला हाका मारते आहे. यमक क्लाइन-आलाइन, म्हणजे लहान आणि एकटी. कडव्याच्या शेवटी एकच शब्द तीनदा: ब्लाइब, ब्लाइब, ब्लाइब. ही गोष्ट मी आईला मुद्दामच सांगितली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मला तेव्हा पाणी नको होतं, परीक्षा हवी होती.

तिला तो शब्द मात्र भारी आवडला. “ह्या ब्लाइबचा मतलब काय व्हय वं?”

“राह्य,” मी घाईत म्हटलं, आणि पुढं वाचू लागले.

शेवटच्या कडव्यात ब्लाइब दोनदाच होतं. आईची तिसरी थाप रिकामीच पडली. छपाईची चूक असणार म्हणून मी पेन्सिलीनं तिसरं ब्लाइब लिहून टाकलं.

“काय लिहिलं?” आईनं विचारलं. मी सांगितलं.

“चूक कायची वं? म्हणणाऱ्याचा गळा दाटला असन,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. मी गपचूप ते खोडलं.

पुण्यात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, शेवटच्या ओळीत एक आघात कमी का? माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघालं, तिच्याच बोलीत, “गळा दाटला असन.” दोघं परीक्षक खुदकन हसले. तिसऱ्या वयस्क बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला शिष्यवृत्ती मिळाली.

निघायच्या दिवशी आई स्टँडवर आली. गाडी सुरू झाली तशी खिडकीचा गज धरून म्हणाली, “तुह्याच जर्मनमधून आशीर्वाद देते तुले. ब्लाइब माय. ब्लाइब.”

मी ‘राह्य’ म्हटलेलं तिनं ‘सुखानं राह्य’ असं धरलं होतं. अर्थ तर ‘जाऊ नको’ असा होता. तिसऱ्यांदा तिचे ओठ नुसतेच हलले, आवाज फुटला नाही.

कंडक्टरनं घंटी मारली. जालना येईपर्यंत मी रडत होते, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ आईला मी जन्मात सांगितला नाही.