डाव्या हातातला पंचम

आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. चंद्रपूरकडच्या आमच्या गावात मी भजनाला पेटी वाजवायचो. पुण्यात आलो तो कर्वेनगरातल्या एका वाद्यांच्या दुकानात कामाला. तिथे येणाऱ्या, बेस गिटार वाजवणाऱ्या एका ताईंनी माझं वाजवणं ऐकलं आणि आपल्या हौशी बँडमध्ये की-बोर्डवर घेतलं. शनिवारच्या कार्यक्रमापुरतं. "जमलं तर पुढेही," म्हणाल्या. मला 'जमलं तर' एवढंच ऐकू आलं.

सरावात अडलं एका कॉर्डवर. गाणं षड्जावर टेकण्याआधी 'ऑल्टर्ड डॉमिनंट' होती. ताईंनी ती माझ्या भाषेत सांगितली : "खाली पंचम. शुद्ध नी आणि मध्यम नेहमीचेच. रिषभ, धैवत मात्र काढ. त्यांच्या जागी कोमल गंधार, कोमल धैवत."

मी वाजवली. सोसायटीच्या हॉलभर गोंगाट.

"वा!" ड्रमर म्हणाला. "स्वारगेटला सगळ्या बसेस एकदम हॉर्न मारतात, डिट्टो!"

ताईंचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. "अरे, तो खालचा पंचम कशाला दाबून बसलायस?"

पेटीवर डावा हात भात्याला असतो. इथे तो रिकामा राहिला की कामचुकारपणा केल्यासारखं वाटायचं.

"पंचम मी देतेय ना बेसवर. तू सोड. बाकीचे चार स्वर घे, पण सगळ्यात खाली मध्यम ठेव."

मी तसं केलं. गोंगाट गेला; काहीतरी आंबटगोड, अधांतरी उरलं. मग षड्जाकडे जाताना गंमत कळली. मध्यम गंधारावर, कोमल धैवत पंचमावर, नी सा वर, कोमल गंधार रिषभावर : प्रत्येक बोट फक्त शेजारच्या पट्टीवर सरकलं. तळाला नी ठेवून पाहिला, तरी तसंच. स्वर तेच, नुसते बसायच्या जागा बदललेले. मला इतका आनंद झाला की मी त्या कॉर्डवरच घोटाळत राहिलो.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे आजोबा कप घेऊन दारात. "अहो, एकदाचा तो सा लावा, नाहीतर बंद करा! मघापासून चहा घशाखाली उतरत नाहीये."

"बघ," ताई मला म्हणाल्या, "बरोबर वाजतेय."

शनिवारी ती कॉर्ड आली आणि सुखरूप षड्जावर उतरली. पण कार्यक्रम संपला तरी माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढेना. मी उगाचच केबल गुंडाळत बसलो.

"गुरुवारी नवीन गाणं घेतोय," ड्रमर जाता जाता म्हणाला. "वेळेवर या, कलाकार. आम्ही कोणासाठी थांबत नाही."

मी एवढ्या मोठ्याने "हो" म्हणालो की ताई दचकल्याच.