बगलेतला कोंबडा

पेन्सिल दातात धरून आमची ही, म्हणजे बायको, फोटोची फ्रेम पालथी करायची. आधी माणसाचं तोंड बघायची नाही, पाठ बघायची. त्या शनिवारी संध्याकाळीही तसंच. दुकानात आम्ही दोघंच. माळ्यावरची काच फुटलेली एक फ्रेम तिने खाली काढलेली. मी पक्कडीने मागचे गंजलेले खिळे उपटत होतो आणि ही एकेक खिळा माझ्या हातून घेऊन चहाच्या बशीत ठेवत होती.

"सावकाश हो. पुठ्ठा फाटेल."

"फाटला तर फाटला. कोण रडतंय त्याच्यासाठी?"

"घाई कोणाला आहे? फोटोतल्याला तर नाहीच."

आम्ही मिळून केलेलं शेवटचं काम ते. रविवारी पहाटे ती झोपेतच गेली. आधी कळलं असतं तर खिळे मी आणखी सावकाश काढले असते.

आमचं दुकान कल्याणात, जुन्या सामानाचं. आधी मी वागळे इस्टेटला लेथवर होतो. कारखाना बंद पडला, तेव्हा या धंद्यात आलो. पितळी डबे, भिंतीवरची घड्याळं, पाय तुटलेल्या खुर्च्या, आणि फोटो. तुम्हीही बघितलं असेल, चाळ पाडायला निघाली की लोक देव नेतात, टीव्ही नेतात, आणि आजोबांना भिंतीवर ठेवून जातात. ते मग पोत्यातून आमच्याकडे येतात.

असले फोटो आता हॉटेलवाले घेतात, भिंत जुनी दिसावी म्हणून. असा एखादा आला की विचारायचा, "अंकल, ये पीस कितने का?"

आतून हिचा आवाज. "पीस नाही, माणूस आहे. आणि त्याचं घर अजून सापडायचंय."

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी छताकडे.

मी चौथी शिकलेला, ही दहावी. बालवाडीत मदतनीस होती. मुलांच्या नावांच्या पाट्या लिहून लिहून अक्षर गोल झालेलं. रिटायर झाली आणि दुकानात येऊन बसली. मला वाटलं, हातभार लागेल. हातभार कसला? जो फोटो आला तो हिने अडवला. कोणाचा आहे ते सापडल्याशिवाय विकायचा नाही. सापडला की त्या घरी नेऊन द्यायचा. द्यायच्या आधी पाठीवर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या. नाव, बापाचं नाव, गाव. पेन टोचतो, पुढे उमटतो, म्हणून पेन्सिल. विचार करताना ती पेन्सिल चावायची. एक पेन्सिल धड नव्हती घरात.

लोक विचारायचे, बाई, तुम्ही शोधता कसं? ही सांगायची, लग्नपत्रिका वाचून. खरंच सांगतो. लग्न झालं की पत्रिका कोण ठेवतं? आमच्या गल्लीतले सगळे हिच्याकडे आणून टाकायचे. रद्दीवालाही टाकायचा. पलंगाखाली तीन ट्रंका भरल्या. जुनी पत्रिका म्हणजे अख्खं खानदान असतं. आजा, चुलते, मामा, आत्या, कोण कुठल्या गावचं. ही बोट फिरवत वाचायची.

"हे बघा, वरच्या ओळीत मेलेले. खालच्या ओळीत पोरंटोरं. आणि मधली भांडणं."

"भांडणं कुठे छापलीयत?"

"ज्याचं नाव नाही, त्याच्याशी बोलणं बंद. मोठ्या चुलत्याचं नाव नाही म्हणजे जमिनीवरून फाटलंय. आता बघा, फोटो त्या चुलत्याच्या घरातून आलाय."

आणि निघायचाही तिथूनच.

पूर्वी फ्रेम करणारे मागे पुठ्ठा पोकळ राहू नये म्हणून घरातलीच जुनी पत्रिका घालायचे. म्हणून ही आधी पाठ उघडायची. त्या पत्रिकेवर हिचा फार विश्वास. तोंड खोटं बोलेल, पत्रिका बोलणार नाही, म्हणायची.

हे वेड कशाने लागलं, तेही सांगतो. हिचा बाप कारखान्यात होता, ही सहा वर्षांची असताना गेला. त्याचा एकच फोटो. साहेब बदलून गेला तेव्हा सगळ्या कामगारांचा काढलेला, ऑफिसात लावलेला. ऑफिस पाडलं, फोटो गेला. एकदा दुकानात ही बोलली, "मोठ्या लोकांची नावं तीर्थाच्या गुरुजींच्या वह्यांत असतात, सात पिढ्या. आपली कोणी लिहिली? आपली मागच्या रांगेत." दुकानात कुठलाही ग्रुप फोटो आला की ही भिंग घेऊन आधी मागची रांग बघायची.

"दिसला तर ओळखशील कसा?" मी विचारलेलं. मी असाच आहे, फटकन बोलतो.

"आई म्हणायची, टोपी वाकडी होती."

वाकड्या टोपीचे पुष्कळ सापडले. तो नाही.

आता कोंबड्याचं.

दोन वर्षांपूर्वी एक फोटो आला. स्टुडिओत उभा माणूस, अंगात भाड्याचा वाटावा असा कोट, पायात काही नाही, आणि बगलेत कोंबडा. कोंबडा कॅमेऱ्याकडे बघतोय, माणूस कोंबड्याकडे. हिने फ्रेम उघडली. आत पत्रिकेचा अर्धा फाटका तुकडा. आडनाव भोईर, गाव डोंबिवलीच्या पलीकडचं. पंधरा दिवसांत हिने घर शोधलं. पूर्वी भातशेती होती, आता तीन बिल्डिंगा. घरातला मोठा साठीचा. आजा त्याच्या जन्माच्या आधीच गेलेला, फोटो कुणी बघितलेला नाही. त्याने फोटो हातात घेतला, आणि सगळं घर गोळा केलं.

"कान बघा, कान! आमच्या बाचेच कान."

"आणि कोंबरा?" त्याची म्हातारी काकी म्हणाली. "आपले घरान कोंबऱ्यांचा नाद पयल्यापासून."

त्या गावात कोंबड्यांचा नाद कोणाला नव्हता? पण हार आला, वर बल्ब लागला. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना रिक्षात ही हसत होती. माझ्या हातावर हात ठेवलेला. आमच्यात तसं नसतं.

पुढे तीन महिन्यांपूर्वी टिटवाळ्याहून एक म्हातारी आली. कोंबड्याचा फोटो फोनवरून फिरत फिरत तिच्या भाच्यापर्यंत पोचलेला. म्हातारी स्टुलावर बसली, धाप लागलेली.

"बाई, तो माझा बाप."

हिने विचारलं, कशावरून?

"आई सांगायची. त्याने कोंबडा घेऊन फोटो काढला. लोक हसले तरी काढला. मी पोटात होते तेव्हा गेला. फोटो थोरलीच्या घरात. आम्ही दुसरीची, आम्हाला त्या घरात पाय ठेवू देत नसत. मी नाही बघितला कधी."

"काही कागद? पत्रिका?"

"दुसरेपणाच्या लग्नाची पत्रिका कोण छापणार, बाई?"

ही पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "मावशी, त्या फ्रेमच्या आत भोईरांची पत्रिका निघालीय. मी कसं मानू? उद्या कोणीही येईल आणि म्हणेल माझा बाप."

म्हातारी पाणी प्यायली आणि गेली.

आणि मी तिथेच होतो. मी, ज्याला गल्लीत तोंडाळ म्हणतात, तो घड्याळ पुसत राहिलो. कारण मला तेव्हाच आठवलेलं. कोंबडेवाल्याची फ्रेम आली तेव्हा तिला पाठच नव्हती. बाजूला दुसरी फ्रेम पडलेली, काच फुटलेली, कोणी घेणार नाही अशी. तिचा पुठ्ठा मी उपसला आणि कोंबडेवाल्याच्या फ्रेमला ठोकला. धंद्यात सगळे करतात. एकाचं झाकण दुसऱ्याला. पुठ्ठ्याला आत पत्रिका चिकटलीय, एवढं कोण बघतं? ही दोन दिवस बहिणीकडे होती. परत आली आणि पाठ उघडली.

म्हातारी गेल्यावर सांगायला हवं होतं. तीन महिने सांगितलं नाही. हिचा तो रिक्षातला हात आठवायचा आणि तोंड उघडायचं नाही. ती फुटकी फ्रेम मी माळ्यावर पार मागे ढकलली.

शनिवारी हिने नेमकी तीच काढली. आता कळलं ना, मी पुठ्ठा फाटू दे का म्हणत होतो.

शेवटचा खिळा निघाला. मी नंतर ठोकलेला खोक्याचा पुठ्ठा तिने उचलला. आत मिशा खाली वळलेला, कडू तोंडाचा एक माणूस, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला पत्रिकेचा अर्धा तुकडा. ही उठली. कोंबडेवाल्याचा तुकडा तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, तो आणला. शेजारी धरला. फाटलेल्या कडा दातात दात बसावे तशा बसल्या.

मग म्हणाली, "याचा अर्धा तिकडे कसा गेला हो?"

"मी लावला."

"कधी?"

"तू बहिणीकडे गेलेलीस."

"आणि ती मावशी आली तेव्हा? तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

मी हो म्हणून मान हलवली.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन्सिल तोंडातून काढून बशीत ठेवली आणि खाली बघत म्हणाली, "मी तिला काय बोलले? कोणीही येईल म्हणाले. मी. जिला स्वतःचा बाप माहीत नाही, ती."

"जाऊ दे गं. भोईर खूष आहेत. म्हातारीला एक कॉपी काढून देऊ."

"कॉपी नको. उद्या सकाळी जायचं. आधी भोईरांकडे, मग टिटवाळ्याला. मी त्या मावशीचे पाय धरणार आहे."

"उद्या रविवार. गिऱ्हाईक असतं. सोमवारी बघू."

सोमवारी बघू. हे मी म्हणालो. ती बशीतले खिळे डबीत भरायला लागली, आणि आम्ही शटर ओढलं.

रविवारी दुपारी तिला जाळून आलो. सगळे आलेले. मुलगी आली, जावई आला. भन्तेजींनी वंदना घेतली. घर भरलेलं आणि मला कुठे बसू कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी उठून दुकानातली फुटकी फ्रेम न्यायला पिशवी घेतली. मुलगी दारात आडवी.

"बाबा, आज कुठे चाललात? लोक येतील भेटायला."

"तुझ्या आईचं काम राहिलंय."

"मी येते."

"नको. हे माझंच आहे."

भोईरांच्या दारात उभा राहिलो. घरातला तो मोठा झोपाळ्यावर पेपर वाचत होता. मी म्हटलं, "आमच्याकडे सुतक नसतं. पण तुमच्याकडे पाळतात म्हणून विचारतो. काल बायकोला जाळून आलोय. आत येऊ का?"

त्याने पेपर खाली ठेवला. "बाय गेली?" दोन पायऱ्या उतरून आला आणि मला हाताला धरून आत नेलं. पाणी आणलं. ते मी तसंच ठेवलं आणि सगळं सांगितलं. पुठ्ठा कोणी बदलला, कोण गप्प बसलं. म्हटलं, "तिची चूक नव्हती. तिने पत्रिका बरोबर वाचलेली. मी पाठ बदललेली."

तो भिंतीकडे बघत राहिला. बल्ब चालू होता.

"दोन वरसां मी याला दिवालीला लाडू दाखवतंय," तो म्हणाला.

मी पिशवीतली फ्रेम काढली. त्याने मिशावाल्याला जवळ नेऊन बघितलं, लांब नेऊन बघितलं. "यो आजा? यो त रागानच दिसतंय."

काकी आतून आली. फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला. "सासऱ्यांची मिशी. मना सांगलेली सासूबायनी. मीच इसरले."

मग त्याने स्टूल आणलं आणि कोंबडेवाल्याला उतरवलं. मी हार काढायला गेलो तर हात धरला.

"राहू दे. दोन वरसां आमचे घरचा होता. मोकला कसा धारू?"

चंदनाच्या हारासकट तो फोटो मी टिटवाळ्याला नेला. नवीन बिल्डिंगच्या मागे जुनी बैठी खोली. म्हातारी तांदूळ निवडत होती. मला ओळखलं, मागे बघितलं.

"बाई नाही आल्या?"

"काल गेली. म्हणजे वारली."

तिने ताट बाजूला सरकवलं. मी म्हटलं, मावशी, ती रविवारीच यायचं म्हणत होती, मी सोमवार केला. पुढचंही सांगितलं, भोईरांना सांगितलं तसंच. तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही. फोटो मांडीवर घेतलेला. ज्या माणसाचं तोंड बघायला ऐंशी वर्षं थांबली, त्याच्याकडे आधी बघितलंच नाही. बोट कोंबड्यावर ठेवलं.

"आई खरं बोलत होती," ती म्हणाली. "अगं आई, तू खरं बोलत होतीस गं."

मी उभाच. मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. निघताना दुकानातल्या बशीतून उचललेली. फ्रेम पालथी केली. आत हिने भोईरांचं नाव लिहिलेलं, ते खोडायला पाठ उघडावी लागते, खिळे होते, पक्कड नव्हती. मग बाहेरच्या पुठ्ठ्यावरच लिहायचं ठरवलं.

"मावशी, नाव सांगा. बापाचं नाव, गाव. सावकाश सांगा, माझं अक्षर चांगलं नाही."

ती सांगत गेली. पेन्सिलीच्या वरच्या टोकाला हिच्या दातांच्या खुणा होत्या. बोट त्यांच्यावर ठेवून मी लिहीत गेलो.