रिकाम्या खुर्चीपुढचा चहा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. आमच्या चिपळूणकडे प्रत्येक वळणावर कुणाला ना कुणाला काहीतरी दिसलेलं असतं. त्या सगळ्या वळणांवरून मी एकटा सायकलने गेलोय, मला कुत्र्याशिवाय काही दिसलं नाही. त्यामुळे इथे लिहायला थोडी लाजच वाटतेय. पण बायको म्हणाली, एकदा लिहून टाका, म्हणजे मला रोज ऐकावं लागणार नाही. म्हणून लिहितोय.

मी जेद्दात असतो. फिटर म्हणून आलो, आता एका सौदी भागीदाराबरोबर पंप दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत एका जपानी कंपनीचा कारखाना आहे, त्यांच्या पंपांच्या देखभालीचं वर्षभराचं काम मला हवं होतं. मागच्या खेपेला ते हातचं गेलं. का, तेही सांगतो. दुभाषा म्हणून मी देवधर नावाचे पुण्याचे एक गृहस्थ नेले होते. त्यांनी माझे सगळे दर गोड जपानीत समजावले आणि महिन्याभरात तेच दर घेऊन माझ्या स्पर्धकाकडे नोकरीला लागले. दिवाळीला अजून मेसेज पाठवतात. मी उत्तर देत नाही.

तेव्हाच ठरवलं — दुभाषा खलास, जपानी स्वतः शिकायचं. बायको इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती म्हणाली, "अहो, आधी मराठीत हळू बोलायला शिका."

ऑनलाइन एक शिक्षक मिळाले, मोरी-सेन्सेई, जपानमधल्या कुठल्याशा लहान गावातले निवृत्त मास्तर. पहिल्याच दिवशी मी फीवर घासाघीस सुरू केली. ते नुसते बघत राहिले. मला वाटलं नेट अडकलं. ती शांतता काही सहन होईना, मी बोलत सुटलो आणि बोलता बोलता स्वतःच फी वाढवून बसलो. नंतर त्यांनी सांगितलं, समोरचा गप्प झाला म्हणजे विचार करतोय, त्याला करू द्यावा. आणि आमच्या रीतीभाती पुष्कळ आहेत — एखादी कळली नाही तर समोरचा करतो तसं करावं, चेहरा शांत ठेवावा. हा दुसरा सल्ला मी फारच मनावर घेतला.

मग मीटिंग ठरली. त्यांच्या ऑफिसात, भर दुपारी. आमच्याकडून मी आणि माझा फोरमन शाजी, केरळचा. या वेळी काम मिळालं नसतं तर निम्म्या माणसांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, रिन्यू करणं मला जमलं नसतं, शाजीसकट. टेबलाच्या आमच्या बाजूला शाजी, मध्ये मी आणि माझ्या उजवीकडे एक रिकामी खुर्ची. समोर त्यांचे मॅनेजर ओकादा-सान आणि त्यांची सहायक. तिने चहा आणला. पहिला कप ठेवला तो त्या रिकाम्या खुर्चीपुढे — दोन्ही हातांनी, वाकून. मग माझ्यापुढे, मग शाजीपुढे.

शाजीने माझ्याकडे बघितलं. मी चेहरा शांत ठेवला.

बोलणी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत झाली, अडलं तिथे इंग्रजी. ओकादांनी एक दर सांगितला. वाईट नव्हता, पण मी तो वर ओढणारच होतो. तेवढ्यात ते गप्प झाले. मीही गप्प... डोकं तापत चाललं होतं. एरवी अशा वेळी माझा हात टेबलावर आपटतो. ओकादा माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या उजवीकडे बघत होते. म्हटलं, नजरेला नजर न देण्याची पद्धत असेल. मग ते हसले, "अरिगातो गोझाइमास" म्हणत उभे राहिले आणि वाकले. एकदा खुर्चीकडे, एकदा माझ्याकडे. सौदा पक्का झाला होता, आणि दरावर मी तोंडही उघडलं नव्हतं.

समोरचा करतो तसं करायचं... मीही खुर्चीला वाकून नमस्कार केला.

गाडीत शाजी जरा वेळाने म्हणाला, "भाई, कुर्सी को सलाम क्यों किया?"

"जापान में ऐसाच होता है. तू गाडी चला."

त्या कपातला चहा निम्मा झाला होता, असंही तो म्हणाला. मी पाहिलं नाही, त्यामुळे मी तसं म्हणणार नाही.

पुढच्या तासाला सेन्सेईंना अभिमानाने सांगितलं की तुमची रिकाम्या खुर्चीची पद्धतसुद्धा मी नीट पाळली. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, अशी काही पद्धत नाही. घरी वारलेल्या माणसांच्या फोटोपुढे चहा ठेवतात, ऑफिसात कुणी ठेवत नाही.

अंगावर काटा आला, आणि तो एसीचा नव्हता.

करारावर सही करायला गेलो तेव्हा ओकादांनीच विचारलं, आज तुमचे वडीलधारे आले नाहीत का? कोण वडीलधारे, म्हटलं. त्यांनी इंग्रजीत स्पष्ट करून सांगितलं — राखाडी कोट, काळी टोपी, तुमच्या उजव्या हाताला बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. सहायकही मान डोलावत होती. मग ते सहज म्हणाले, "त्यांनी होकाराची मान हलवली, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. थोडं वर जायची आमची तयारी होती."

आमच्या घराण्यात काळी टोपी कुणी घातलेली नाही. वडील हयात आहेत, चिपळूणला, आणि न बोलणारे तर मुळीच नाहीत. शाजीचंही त्याच्या घरी विचारून झालं. इमारत नवी, त्याआधी तिथे नुसती वाळू होती. आणि ओकादा चेष्टा करणारा माणूस नाही.

शाजी म्हणतो, त्या म्हाताऱ्याने आपले इकामे वाचवले. तुम्ही बोलला असता तर भांडून उठला असता. बायकोही त्याच्याच बाजूने. असेल. काम चालू आहे, सगळी माणसं इथेच आहेत, रागवावं असं काही नाही. तो कोण होता, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही, आणि कधी कळेल असं वाटतही नाही. पण थोडं वर जायची त्यांची तयारी होती हो... माझ्या वतीने मान हलवायचा अधिकार त्याला दिला कुणी?

पुढच्या महिन्यात नवा करार आहे, त्याच खोलीत. बायको म्हणते, आत गेल्यावर आधी त्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करा आणि गप्प बसा. नमस्कार करीन. पण या वेळी त्या खुर्चीत मी बसणार आहे.